योग्य तो

'लेखकाचा दृष्टिकोन ओळखा' हा प्रश्न
मी अकरा वर्षं शिकवतेय,
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, दुसरा मजला,
खाली पंक्चरवाला, वर पाण्याची टाकी.
ओहोटीच्या दुपारी खिडकी लावून घ्यावी लागते.

पोरांना सांगते:
लेखकाचा चेहरा शोधू नका, तो उताऱ्यात नसतो.
बारके शब्द बघा.
'मात्र' आला की एक पाऊल मागे घ्या.
'म्हणे' दिसलं की समजा, त्याचा विश्वास नाही.
'च' म्हणजे कोपर, कुणाला तरी ढोसतंय.
'बरं का' असेल तर लेखक वयस्क असावा,
पण ते पर्यायांत येत नाही.
पर्यायांत येतात ते चौघे ठरलेले:
कौतुकाचा, टीकात्मक, उपरोधिक, तटस्थ.
काहीच सुचेना, तर तटस्थ.
परीक्षा सरकारी आहे.

(हे शेवटचं वाक्य मी जरा हसून म्हणते.
पोरं ते वहीत उतरवून घेतात,
हसण्याशिवाय.)

सराव परीक्षा चौथी, उतारा दुसरा.
'खाडीलगतची मिठागरे व भातशेती संपादित करण्यात आली.
नियोजनबद्ध वसाहत उभारण्यात आली.
मूळ रहिवाशांना योग्य तो मोबदला देण्यात आला.'
उत्तरसूचीत: तटस्थ.
एकशे बारा पोरांनी तटस्थ लिहिलं.
घणसोली गावातल्या कुंदन मढवीनं
उपरोधिक.

पाव गुण वजा केला.

तो आला, उत्तरपत्रिकेची सुरळी करून.
"मॅडम, यातला 'तो' बघा."
कुठला तो?
"योग्य 'तो'. नुसता योग्य मोबदला असता
तर मीपण तटस्थ लिहिलं असतं.
हा मध्ये कशाला आलाय?
आमचा आजा हे म्हणताना थांबतो.
योग्य, म्हणतो. मग तंबाखू मळतो.
मग, तो.
मोबदला म्हणतच नाही."

मी म्हटलं, आजा उताऱ्याच्या बाहेर आहे.
बाहेरचं काही आणायचं नाही,
पहिल्याच दिवशी सांगितलंय.
"हो," तो म्हणाला. "सांगितलंय."

आता, तो उतारा माझाच.
क्लासच्या सरांना एका रात्रीत सहा हवे होते.
गॅसवर दूध, कट्ट्यावर कागद,
आणि 'योग्य तो' आपोआप उतरला
तसा तो आमच्या घरात कायमच उतरायचा.
वडील भूसंपादनाच्या कचेरीत टंकलेखक.
योग्य ती शाळा. योग्य ते कपडे.
चोविसाव्या वर्षी योग्य ते स्थळ,
त्याबद्दल लेखिकेचा दृष्टिकोन
कुणी विचारला नाही.

त्या रात्री अंथरुणावर आठवून बघितलं,
तो शब्द टंकताना वडील थांबायचे का?
यंत्राचा आवाज आठवतो.
ओळ संपल्यावरची घंटा आठवते.
थांबणं काही आठवत नाही.

सूची मी बदलली नाही.
छापून झाली होती, शिवाय
खऱ्या पेपरात त्याला तटस्थच लिहावं लागणार.
फक्त त्याच्या कागदाच्या कडेला लाल पेनानं लिहिलं:
उत्तर चूक. असाच वाचत जा.

त्यानं वाचलं. कागदाची चौघडी केली.
"मग पाव गुण तरी, मॅडम?"
मान खाली होती,
आणि नेमका तेव्हाच खाली पंक्चरवाल्याचा
कॉम्प्रेसर सुरू झाला.

विनंती होती, टोमणा होता,
की नुसता पाव गुणाचा हिशोब,
कळलं नाही.
पुढची बॅच जिना चढत होती
आणि मी फळ्याकडे तोंड करून
त्याच्या वाक्यातला 'तरी'
पुन्हा पुन्हा वाचत होते.